शेवटी माणूस प्राणीच, पण कोणता प्राणी?

मध्यंतरी एकच व्हिडिओ मला पाठोपाठ तीन जणांनी पाठवला. नवा सिंह कळपाचा ताबा घेतो आणि आधीच्या सिंहाची पिल्लं एकेक करून मारून टाकतो. खाली लिहिलेलं होतं, हाच निसर्गाचा नियम, माणूसही शेवटी प्राणीच. मग त्यावर जुंपली. काही जण म्हणत होते की बरोबरच आहे, ज्याच्यात ताकद त्याचं राज्य, बाकी दया-माया सगळं वरवरचं. आणि बाकीचे चिडून विचारत होते की माणूस म्हणजे काय जनावर आहे का, आपल्याला विवेक आहे, प्राण्यांशी बरोबरी करूच नका. हे भांडण मी इतक्या वेळा इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता मला त्यातली खरी गंमत वेगळीच वाटते, ती म्हणजे दोन्ही बाजूंचं मुळात एकमत आहे. प्राणी म्हणजे नखं आणि सुळे, हे दोघांनीही धरून चाललंय. एकाला ते मिरवायचंय, दुसऱ्याला त्याची लाज वाटते, एवढाच फरक. माझं म्हणणं असं आहे की माणूस प्राणीच आहे, त्यात शंका घ्यायला जागाच नाही, पण तो सस्तन प्राणी आहे, आणि सस्तन असणं म्हणजे सगळ्यात आधी कुणीतरी सांभाळलेलं असणं. ही गोष्ट बाजूला ठेवून जो वाद चालतो तो कितीही तावातावाने चालला तरी पोकळच राहतो.

शब्दच बघा ना. सस्तन. लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने 1758 साली आपल्या प्राण्यांच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत या गटाला नाव दिलं ते दूध पाजणाऱ्या अवयवावरून. त्याआधी तो या प्राण्यांना चतुष्पाद म्हणायचा. केसाळ असं नाव देता आलं असतं, कारण केस सगळ्याच सस्तनांना असतात, देवमाशालासुद्धा निदान जन्माच्या आसपास चार केस असतात. पण त्याने दूध निवडलं. मराठीत तर एखाद्याच्या मर्दानगीला आव्हान द्यायचं झालं तरी आपण काय म्हणतो, आईचं दूध प्यायला असशील तर ये समोर! म्हणजे बाहुबळाची भाषा करतानासुद्धा जामीन कोण, तर आई. ज्याला 'शेवटी प्राणीच' असं ठणकावून सांगायचंय त्याने एवढं तरी लक्षात घ्यावं की तो ज्या गटाचं नाव घेतोय त्या गटाची ओळखच दुसऱ्याला पाजण्यावरून ठरलेली आहे.

आता ही ओळख आली कुठून ते थोडं सविस्तर सांगतो, कारण वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या डोक्यात उत्क्रांती म्हणजे माकडापासून पुढे, त्याच्या मागचं काहीच नाही. आपली फांदी सरपटणाऱ्यांच्या आणि पक्ष्यांच्या फांदीपासून साधारण 31-32 कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. पाठीवर शिडासारखा पंखा असलेला डायमेट्रोडॉन लोकांना डायनोसॉर वाटतो, पण तो नात्याने डायनोसॉरपेक्षा आपल्याला जवळचा. 25 कोटी वर्षांपूर्वीच्या महाभयंकर विनाशातून जे थोडे वाचले त्यांच्यातून पुढे साधारण 20 कोटी वर्षांपूर्वी मॉर्गन्युकोडॉनसारखे प्राणी दिसायला लागतात, चिचुंद्रीएवढे, बहुधा रात्री फिरणारे, किडे खाणारे. आणि याच सुमाराला दातांमध्ये एक बदल पक्का होतो. मगरीचे दात आयुष्यभर पडत राहतात आणि नवे येत राहतात. या छोट्या प्राण्यांना मात्र दातांचे दोनच संच, लहानपणीचा आणि मोठेपणीचा. का? कारण पिल्लाला सुरुवातीला दातांची गरजच नव्हती, त्याचं पोट दुधावर भरत होतं, तेवढ्यात जबडा वाढायला वेळ मिळायचा आणि मग वाढलेल्या जबड्यात वरचा दात खालच्या दातावर नेमका बसेल अशी कायमची मांडणी करता यायची. म्हणजे या जीवाश्मांमध्ये दूध काही सापडत नाही पण दातांवरून दुधाचा अंदाज बांधता येतो. आपण दुधाचे दात म्हणतो ते नुसतं बोलायचं म्हणून नाही, त्या शब्दात वीस कोटी वर्षांचा हिशोब बसलाय. ज्या सुळ्यांच्या जोरावर लोक माणसाचा पशुपणा सिद्ध करायला निघतात, ते सुळे असे नीट बसले तेच मुळी आधी कुणीतरी पाजलं म्हणून.

आणि दूध तरी कसं आलं? प्लॅटिपस या ऑस्ट्रेलियातल्या सस्तन प्राण्याला स्तनाग्रं नाहीत, मादी अंडी घालते आणि पिल्लं बाहेर आली की तिच्या पोटावरच्या कातडीतून दूध पाझरतं, ते ती चाटतात. 1799 च्या सुमाराला या प्राण्याचं कातडं युरोपात पोचलं तेव्हा बदकाची चोच कुणीतरी शिवून लावलीय की काय असा संशय आला होता. पण त्याच्याकडे बघितलं की कळतं की दूध ही गोष्ट एका दिवसात तयार झाली नाही. अंडी सुकू नयेत म्हणून कातडीतून सुटणारा ओलावा ही त्याची सुरुवात असावी असं मानायला बरीच कारणं आहेत. दुधातलं एक महत्त्वाचं प्रथिन तर जंतू मारणाऱ्या लायसोझाइमपासून निघालेलं आहे, तोच जो आपल्या अश्रूंमध्येही असतो. आणि आपल्या शरीरात आजही अंड्यातला बलक बनवणाऱ्या जीनचे मोडके अवशेष पडून आहेत. बलक सुटला, दूध आलं. बलक म्हणजे एकदा डबा भरून दिला की आई मोकळी. दूध म्हणजे रोज परत यावं लागतं. हा फरक मला फार मोठा वाटतो, कारण रोज परत यायचं तर पिल्लू ओळखता यायला हवं, त्याचा वास, त्याचा आवाज लक्षात राहायला हवा, ते रडलं की आत काहीतरी हललं पाहिजे. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे आणि तेच ऑक्सिटोसिन मेंदूत जिव्हाळा जुळवायचं कामही करतं. ही यंत्रणा मेंढीत आहे, उंदरात आहे, आपल्यात आहे.

आता समोरच्यांचे मुद्दे, आणि ते मी हलके करून सांगणार नाही. सिंहाचा व्हिडिओ खोटा नव्हता. सिंह पिल्लं मारतात, आणि ते अपवादाने नाही. वानरांमध्येही हे होतं, 1960 च्या दशकात धारवाडजवळ युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने हनुमान वानरांमध्ये ते नोंदवलं, पुढच्या दशकात सारा ब्लॅफर हर्डीने अबूच्या डोंगरावर त्याचा पाठपुरावा केला. नर बाप म्हणून हात लावतो अशा सस्तनांच्या जाती फार थोड्या. आईसुद्धा प्रत्येक वेळी आई नसते, हॅमस्टरची मादी स्वतःची पिल्लं खाते. आणि आपल्याकडे ती हौदातल्या माकडिणीची गोष्ट प्रत्येकाने ऐकलेली असते, पाणी गळ्याशी आल्यावर पिल्लाला पायाखाली घेऊन उभी राहणारी. ही गोष्ट सांगून लोक म्हणतात की बघा, माया वगैरे पाणी नाकाशी येईपर्यंतच.

पण ती गोष्ट आहे, आणि गोष्टीने काही सिद्ध होत नाही. खरं काय घडतं ते बघायचं तर 2018 साली पॅसिफिकच्या किनाऱ्याजवळ टालिक्वा नावाच्या ऑर्का (डॉल्फिनच्या कुळातला मोठा सागरी सस्तन) मादीचं पिल्लू जन्मल्यावर थोड्याच वेळात मेलं, तिने ते डोक्यावर तोलत 17 दिवस, दीड हजार किलोमीटरच्या वर, वाहून नेलं. गिनीमध्ये बोसूच्या जंगलातल्या चिंपांझी मादीने मेलेलं पिल्लू पार सुकून जाईपर्यंत पाठीवर बाळगलं. त्यांना काय वाटत होतं ते मी सांगणार नाही, ते मला माहीत असल्याचा आव आणणार नाही. पण ज्या प्राण्याची माया नाकापर्यंतच असते तो निर्जीव ओझं 17 दिवस का वाहील? पिल्लू मारणारा नर आणि मेलेलं पिल्लू न सोडणारी मादी, दोघंही सस्तनच. मग यातल्या एकालाच 'निसर्ग' म्हणायचं आणि दुसऱ्याला भावुकपणा, हे कुठलं लॉजिक? आणि शिवाय तो सिंह पिल्लं मारतो तेच कशासाठी, तर पाजणारी मादी लवकर माजावर येत नाही म्हणून. म्हणजे त्या क्रौर्याच्या मुळाशीसुद्धा दूधच आहे.

अशी निवड करून निसर्ग वाचला की काय होतं याचं लांडग्यांचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. रूडॉल्फ शेंकेलने 1947 साली बाझलच्या प्राणिसंग्रहालयात बंदिस्त जागेत कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास छापला, त्यात वरचढ होण्यासाठी सतत मारामारी दिसली, त्यातून 'अल्फा', म्हणजे बाकीच्यांना हरवून पुढारी झालेला लांडगा, ही कल्पना रुजली. 1970 मध्ये डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अभ्यासकाच्या पुस्तकाने ती घराघरात पोचवली. आणि मग याच मेकने वर्षानुवर्षं जंगलातले लांडगे पाहिले, 1999 साली स्पष्ट लिहिलं की जंगलातली टोळी म्हणजे बहुतेक वेळा एक आई, एक बाप आणि त्यांची दोन-तीन वर्षांची पोरं. पुढारी म्हणजे आईबाप, त्यांनी कुणाला हरवून ती जागा घेतलेली नसते. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून तो प्रकाशकाच्या मागे लागला. एका शास्त्रज्ञाने आपली चूक अशी उघडपणे निस्तरावी याबद्दल मला त्याचा खरोखर आदर वाटतो. पण जगभरातली तरुण पोरं आजही 'अल्फा' होण्याचे धडे घेतायत, कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी असलेल्या जनावरांच्या वागण्यावरून.

चिंपांझीचंही तसंच. 1974 ते 1978 टांझानियातल्या गोम्बेमध्ये चिंपांझींच्या एका गटाने दुसऱ्या गटाला संपवलं, तिथे त्यांचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडॉललासुद्धा ते पचवणं जड गेलं, आणि तेव्हापासून माणसाच्या रक्तात युद्ध आहे याचा तो पुरावा म्हणून फिरतोय. पण आपली वाट त्यांच्यापासून 60-70 लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली तेव्हा चिंपांझी आणि त्याच्यासारखाच दिसणारा बोनोबो हा वानर अजून एकच होते, त्यामुळे दोघंही आपल्याला सारख्याच जवळचे. बोनोबोंमध्ये माद्यांची युती असते आणि दोन गट भेटले की कित्येकदा एकत्र खातात-पितात. दोन चुलतभावांपैकी भांडकुदळ भावावरूनच सगळ्या घराण्याची परीक्षा करायची का?

आता दुसरी बाजू, माणूस वेगळा म्हणणाऱ्यांची. त्यांचाही मुद्दा खरा आहे. भाषा, कायदा, न पाहिलेल्या माणसाविषयी वाटणारी कणव, आपल्या वागण्याचं कारण मागण्याची सवय, हे इतक्या प्रमाणात दुसऱ्या कुणात नाही आणि ते नाकारणं हा हट्टीपणा होईल. माझी तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे, वेगळे आहोत म्हणून त्यांचं काहीच आपल्यात नाही, असं जे गृहीत धरलं जातं त्याबद्दल. या समजाची किंमत लहान मुलांनी मोजलेली आहे. 1928 साली जॉन वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आईबापांना सांगितलं की मुलांना कुरवाळू नका, मांडीवर घेऊ नका, सकाळी फार तर हस्तांदोलन करा. त्या काळात हा शास्त्रीय सल्ला होता! दवाखान्यात ठेवलेल्या मुलांना भेटायला आईबापांना आठवड्यातून तासभर मिळायचा कारण भेटीनंतर मुलं रडतात. मूल म्हणजे अन्न, स्वच्छता आणि शिस्त, बाकी लाड. हॅरी हार्लोने 1950 च्या दशकात ऱ्हीसस माकडाच्या पिल्लांना दोन बाहुल्या दिल्या, एक तारेची आणि दुधाची बाटली असलेली, एक नुसती मऊ कापडाची. पिल्लं तारेच्या बाहुलीकडे दूध प्यायला जायची आणि दिवसातला बहुतेक वेळ कापडाला बिलगून असायची. ते प्रयोग क्रूर होते, आईपासून तोडलेली ती पिल्लं आयुष्यभरासाठी मोडली, आणि आपण माणसाच्या बाळाकडे नीट बघितलं असतं तर तो प्रयोग करायची वेळच आली नसती असं मला वाटतं.

ताईची मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती ताईच्या छातीवर उघड्या अंगाने पालथी होती, वरून एक कापड घट्ट गुंडाळलेलं, बाहेर फक्त टोपीतलं डोकं. नर्स कापड सैल करायला आली, बाळ जरासं मागे कललं आणि एकदम तिचे दोन्ही हात फाकले, बोटं पसरली, आणि मग हात आत येऊन मुठी मिटल्या. त्या मुठीत काही आलं नाही, ताईच्या अंगावर धरायला केस कुठे होते. पण ज्या माकडिणीचं पिल्लू असं हात टाकतं त्याच्या मुठीत आईची लव येते. मी ते बघून तसाच उभा राहिलो. अंगावर काटा आला, आणि तो काटासुद्धा केस उभारून ऊब धरायची जुनी सस्तन सवयच, फक्त उभारायला केस फारसे उरले नाहीत. छातीवर बाळ ठेवण्याची ही पद्धत 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटाच्या एका रुग्णालयात इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून एडगर रे सानाब्रिया या डॉक्टरने सुरू केली, नाव पडलं कांगारू मदर केअर. 2021 मध्ये आफ्रिका आणि आशियातल्या पाच देशांमधल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, जन्मल्यावर लगेच हे केलं तर कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू पाव हिश्शाने कमी झाले. वेगळेपणाच्या अभिमानात आपण बाळाला काचेत ठेवत होतो, आणि त्याला हवी होती कातडी.

इथे एक आक्षेप येतो, मला सगळ्यात जड वाटणारा. दूध, आई, माया असं म्हणत गेलं की शेवट ठरलेला, बाईची जागा घरात. हे भय अनाठायी नाही. लिनियस स्वतः दाईकडून दूध पाजून घेण्याच्या विरोधात प्रचार करत होता, 1752 मध्ये त्याने त्यावर लिहिलंही, आणि सस्तन हे नाव त्यानंतर सहाच वर्षांनी आलं, त्यामुळे या नावात त्याची मतं मिसळली असतील असं म्हणणाऱ्या इतिहासकारांना खोडून काढणं सोपं नाही. पण माणसाच्या बाबतीत जीवशास्त्र नेमकं उलट सांगतं. चिंपांझीची आई पहिले काही महिने पिल्लू कुणाच्या हातात देत नाही आणि दोन बाळंतपणांत पाच-सहा वर्षं जातात. शिकार-कंदमुळांवर जगणाऱ्या माणसांमध्ये हे अंतर तीन-चार वर्षांवर येतं, आणि मूल तर आणखी परावलंबी, मोठं होईपर्यंत कोटभर कॅलरी खाणारं. एकट्या आईला हे कधीच झेपलं नसतं. हर्डी, तीच जिने वानरांमधली पिल्लांची हत्या अभ्यासली, ती पुढे या निष्कर्षाला आली की माणूस घडला तो अनेकांच्या हातांवर, आजी, मावशी, बाप, मोठी भावंडं. पाळी थांबल्यावरही कित्येक वर्षं जगणाऱ्या माद्या सस्तनांमध्ये फार थोड्या जातींत आहेत, त्यात आपण आणि ऑर्का, आणि ऑर्काच्या म्हाताऱ्या माद्या मासे कमी पडतात तेव्हा कळपाला वाट दाखवतात. बापाचंही शरीर बदलतं, फिलिपिन्समधल्या सेबूत 600 हून जास्त पुरुषांचा माग ठेवला तेव्हा बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक उतरलेलं दिसलं, आणि जे मुलांचं जास्त करत होते त्यांचं जास्त. माय मरो पण मावशी जगो ही म्हण ज्याने केली त्याने माणसाबद्दल फार खरं सांगून ठेवलंय. आईला एकटीला बाळासोबत चार भिंतींत ठेवणं हेच आपल्या जातीसाठी अनैसर्गिक आहे, आणि बाळंतपणाची रजा, बापाची रजा, पाळणाघर यांना आधुनिक चोचले म्हणणाऱ्यांनी हे उत्तर आधी खोडावं.

मग मीही तेच करतोय का, निसर्गातलं मला आवडलेलं उचलून 'असं वागा' सांगतोय? नाही. निसर्गात आहे म्हणून योग्य, हे मला मान्यच नाही, पिल्लू मारणं नैसर्गिक आहे आणि तरी ते वाईट. माझा दावा त्यापेक्षा लहान आहे. काय करावं हे आपणच ठरवायचं, पण आपण कुठल्या मातीचे आहोत हे चुकीचं धरून ठरवलं तर वॉटसनसारखा सल्ला निघतो. दुसऱ्याचं दुःख दिसलं की आत हलणारी गोष्ट संस्कृतीने वरून चिकटवलेली पातळ पट्टी आहे, आत सगळा सिंहच, असं मानणारा माणूस ती पट्टी खरवडायला कधीही तयार होतो. ती पट्टी नाहीये. ती दातांइतकीच जुनी आहे.

जबड्याचंच बघा. सरपटणाऱ्यांच्या जबड्याचा सांधा ज्या दोन हाडांनी बनतो ती आपल्या जबड्यात नाहीत. ती गेली कुठे हे रायशर्टने 1837 मध्येच भ्रूणांचा अभ्यास करून दाखवलं होतं. ती आपल्या मधल्या कानात आहेत, हातोडी आणि ऐरण म्हणून. ओपोसम या अमेरिकेतल्या पिशवीवाल्या प्राण्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा ती जबड्याला लागूनच असतात, पुढे सुटून कानाकडे सरकतात. चावायच्या कामातून सुटलेली ही इवलीशी हाडं बारीक, उंच पट्टीतले आवाज आत पोचवतात, आणि पिल्लांचं रडणं त्याच पट्टीतलं. 2014 मध्ये सुझन लिंगल आणि तिच्या सहकाऱ्याने एक प्रयोग छापला, उघड्या माळावर स्पीकर लपवून वेगवेगळ्या पिल्लांच्या रडण्याचे आवाज लावले होते, सीलचं पिल्लू, मांजराचं, वटवाघळाचं, माणसाचं. पट्टी हरणाच्या पाडसाच्या जवळपास आणली की म्यूल डिअर जातीच्या हरणी कान टवकारून स्पीकरकडे निघायच्या. त्यांच्यापैकी कुणी सीलचं पिल्लू जन्मात पाहिलेलं नव्हतं.